मौनसभेत आलेलं वाक्य

साताऱ्याच्या कॅम्पात एका इंग्रज बाईंच्या बंगल्यावर दर रविवारी सकाळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाची प्रार्थनासभा भरे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांनी मला बोलावलं. धर्म बदलण्याची गोष्ट कधी निघाली नाही. पाद्री नाही, क्रूस नाही, गाणं नाही. सात-आठ खुर्च्या गोल मांडलेल्या आणि तासभर मौन. ज्याला आतून शब्द येतील त्याने उभं राहून बोलावं. त्याला कोणी उत्तर द्यायचं नाही.

"आवं ताईसाब, गप बसाया एवढ्या लांब येताय व्हय?" बंगल्याचा माळी म्हणायचा. "आमी तर बायकोम्होरं रोजच बसतोय."

मला मात्र तिथे बरं वाटे. कोणी मला बोलतं करत नव्हतं. बाईंनी एकदा तेवढं बजावलं होतं, "आलेले शब्द अडवू नकोस. ते मग दुसऱ्याकडे जातात."

तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि माझा भाऊ फौजेतून इटलीच्या आघाडीवर होता. चार महिने पत्र नव्हतं. शेवटच्या पत्रात थंडीबद्दल लिहिलं होतं, म्हणून आई स्वेटर विणत होती.

एका रविवारी मौनात वाक्य आलं: विणू नका, त्याला आता थंडी वाजत नाही. आवाज ओळखीचा नव्हता. उभं राहायला हवं होतं; मी खुर्ची घट्ट धरून बसले. हळूहळू ते वाक्य आतून निघून गेलं.

तेवढ्यात समोरची नर्स उठली. तासगावकडची, मिशनच्या दवाखान्यातली. आमच्या घरचं तिला काही ठाऊक नव्हतं. डोळे मिटूनच म्हणाली, "इनू नगा. त्येला आता थंडी वाजत न्हाई."

तास भरल्यावर बाईंनी रिवाजाप्रमाणे शेजारणीशी हात मिळवला आणि सभा संपली.

फाटकापाशी मी नर्सला विचारलं, "कोणाबद्दल बोललात?"

"काय म्हाईत न्हाई, बाई. तुमच्या खुर्चीकडनं आल्यागत वाटलं."

घरी आईने स्वेटरच्या बाह्या पुऱ्या केल्या होत्या.

"आज कोणी बोललं का गं?"

क्वेकर लोक कोर्टातही शपथ घेत नाहीत. एरवीही खरंच बोलायचं असतं, असं ते मानतात.

"नाही," मी म्हणाले.

बंगल्यावर मी पुन्हा गेले नाही. तार सतरा दिवसांनी आली. तोवर गळाही विणून झाला होता.