सगळ्या दारांना एकच पासवर्ड

सत्तरी ओलांडली की साठीतल्या बाया पोरी वाटायला लागतात. साठीतली मी तर फारच आगाऊ पोरगी होते. मुलुंडची आमची जुनी बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला, मी सोसायटीची सेक्रेटरी झाले, आणि आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायला लागलं.

बिल्डरने घरोघरी बिनकिल्लीचं कुलूप, दिवे, गीझर, छोटा कॅमेरा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, विचारलं तर उत्तर देणारा, एक बोलणारा डबा बसवून दिला होता. सगळं नेटवर, सगळं एकमेकांना जोडलेलं. प्रत्येक घराने आपापला पासवर्ड ठेवावा, असं बसवणारा माणूस बजावून गेला. आठवडाभरात निम्मे म्हातारे पासवर्ड विसरून स्वतःच्याच दाराबाहेर उभे. जुन्या बिल्डिंगीत अख्ख्या मजल्याच्या किल्ल्या माझ्या घरी खिळ्याला लटकायच्या, कुणाचं कधी काही गेलं नाही. तीच अक्कल मी इथे चालवली. दारोदार फिरून सगळ्यांना एकच पासवर्ड लावला, आणि कुणी विसरू नये म्हणून खाली नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळेखाली, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला. खाली माझी सही. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, त्याही मी मान तिरकी करून घेतल्या.

नवव्या मजल्यावर माझी मैत्रीण एकटी राहते. मूळची मालवणची, नवरा गेलेला, मुलगा बोरिवलीला. एक दिवस म्हणाली की दुपारी डबा आपणहून तिच्याशी बोलतो. चहा टाकला की सांगतो, साखर घालून झाली, पुन्हा नको. मी हसले. तिने मुलालाही सांगितलं. तो हसला नाही. त्याने तिला डॉक्टरांना दाखवलं आणि कर्जतकडच्या एका वृद्धाश्रमात खोली ठरवली. सोमवारी निघायचं, फ्लॅट बंद.

"माका खुळी समजतंस काय गो तू पण?" तिने मला विचारलं.

"अगं, वय झालं की होतं असं," मी म्हटलं. "तिथे सोबत तरी मिळेल." काय पण शहाणी होते मी.

शनिवारी तिचं सामान बांधायला गेले. भर दुपार होती. ती चहा टाकत होती, मी भांडी कागदात गुंडाळत होते. फळीवरच्या कॅमेऱ्याने सावकाश मान वळवली. आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे. बाहेर पॅसेजमध्ये समोरच्या रिकाम्या घराचं कुलूप खट् झालं. मग शेजारचं. मग खालच्या मजल्यावरचं, त्याच्याही खालचं, कुणीतरी जिना उतरत गेल्यासारखं. एकही दार उघडलं नाही. मग डब्यातून आवाज आला. तरुण नाही, म्हातारा नाही, घरातल्याच माणसाने बोलावं तसा.

"आज दोन कप ना? बसा, सेक्रेटरीबाई."

मैत्रिणीने गॅस बंद केला. मी वायर उपटली.

मुलाला फोन केला, तर म्हणे मावशी, आता तुम्हीपण? तरी आला. डबा पुन्हा लावून दोन तास ओट्यापाशी बसला. डबा गप्प. शेवटी मी त्याला लिफ्टने खाली नेलं आणि नोटीस बोर्डासमोर उभं केलं. कागद पिवळा पडला होता, पासवर्ड मात्र ठसठशीत. रोज शंभर माणसं त्याच्यासमोरून जायची, खिशात फोन घेऊन. त्याने माझ्या सहीवर बोट ठेवलं.

"म्हणजे कोणीही," तो म्हणाला.

"कोणीही. कुठूनही."

त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन करून खोली रद्द केली.

पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक घराची माफी मागत वेगवेगळे पासवर्ड लावून घेतले. काही घरांचे मालक तोवर परदेशी गेले होते, ते सापडलेच नाहीत. त्या बंद घरांतले दिवे अजून अधूनमधून लागतात.

मैत्रीण तिच्याच घरात आहे. डबा काढला, भिंतीवर स्क्रूची भोकं तेवढी राहिली. पण कधी कधी दुपारी बोलता बोलता ती थांबते, त्या भिंतीकडे कान करते.

"तुका आयकाक येता मा?"

मला काहीसुद्धा ऐकू येत नाही. "येतं," मी म्हणते.