मायच्या गोळ्यांचा खण

माय पहाटे बीपीची गोळी घेऊन खण असा आपटायची, की माझी झोपच उडायची. मी लोहारा गावातल्या फर्निचर कारखान्यात सुतार. वैतागून एकदा त्या खणाला सॉफ्ट-क्लोज चॅनेल, म्हणजे खण हळूच मिटवणाऱ्या सरकपट्ट्या, लावले. पण खण इतका हलका, की बोटभर उघडाच राही. चॅनेल सैल केले, सरकवले, पुन्हा कसले, तेव्हा कुठे तो गुपचूप मिटला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जाग आली अन् छातीत धस्स झालं. आज खण आपटलाच नव्हता; झोपेच्या तारेत नवे चॅनेल आठवलेच नाहीत. तसाच अनवाणी धावलो. माय गोळी घेऊन निवांत बसली होती.

“काहून पळून राह्यला रे?”

त्याच दिवशी जुने चॅनेल परत लावले. आता पहाटे खण धाडकन आपटला, की मगच मला गाढ झोप लागते.