पाण्याला विचारून

पाटीलकाकू गेल्याचं सांगायला त्यांचे यजमान आमच्या दारात उभे होते, आणि मी त्यांना शपथेवर सांगत होतो की आज आमच्याकडून पाणी सांडलेलं नाही.

“आई शप्पथ नाना, आज नळ अजून उघडलाच नाही. बाथरूमसुद्धा कोरडं आहे, या ना आत, बघा वाटलं तर!” मी दार सताड उघडून त्यांना पुरावा बघायला बोलावत होतो. नाना उंबऱ्याबाहेरच थांबले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “पानी नाय रं…” ते म्हणाले, “तुजी काकू गेली. पहाटेला.”

महिना उलटून गेला, पण ती सकाळ आठवली की अजून तोंड लपवावंसं वाटतं. माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की खारघरच्या आमच्या चार मजली बिल्डिंगमध्ये खालच्या घरातले नाना जिना चढून वर आले म्हणजे आमचं पाणी त्यांच्या छतातून गळलं, हा दीड वर्षाचा अनुभव होता. आणि त्या दीड वर्षाची सुरुवातही माझ्याच एका गाढवपणाने झाली होती.

खरं तर मी सुरक्षेचा माणूस. उरणकडच्या द्रोणागिरीतल्या गोदामांत जाऊन कामगारांना अपघात कसे टाळावेत यावर भाषणं देणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. हेल्मेट घाला, फरशी ओली असेल तर बोर्ड लावा, वगैरे. तर या सुरक्षेच्या माणसाने एका रविवारी आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, जुईला, मोठ्या कौतुकाने शॉवरखाली उभं केलं आणि नळ उलटा फिरवला. गार पाण्याची सगळी धार तिच्या डोक्यावर! त्या दिवसापासून जुई डोक्याला पाण्याचा एक थेंब लागू देईना. दर रविवारी केस धुण्याचा कार्यक्रम असा रंगायचा की समोरच्या विंगमधले लोक खिडक्या लावून घ्यायचे. माझी बायको मंजिरी तिला धरायची, मी ओतायचो, आणि शेवटी तिघंही रडायचो. पुढे पुढे तर मी हातात साधा तांब्या घेतला तरी जुई पळून जायची. मंजिरी एकदा म्हणाली, “ती पाण्याला नाही घाबरत. तुला घाबरते.” ते मात्र फार लागलं… कारण ते खरं होतं.

उपाय म्हणून मी टब आणला. फुगवायचा, निळा, मासे छापलेला. बाल्कनीत मावेना म्हणून हॉलच्या मधोमध फुगवला आणि बाथरूममधून पाइप ओढून तासभर भरला. एवढं पाणी नंतर काढायचं कसं, हा विचार मला भरून झाल्यावर सुचला. जुईने ते तळं बघितलं आणि ती सोफ्यामागे जाऊन बसली. तिला धीर यावा म्हणून मग मीच आत उतरलो. “बघ, बाबा कशी मज्जा करतोय!” असं ओरडत मी ऐटीत टबाच्या काठावर बसलो. काठ हवेचा. तो गपकन दबला आणि आमचं तळं हॉलमधून, दाराखालून, जिन्याने खाली चालतं झालं.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात ठेंगणीशी, सत्तरीची बाई. अंबाड्यात अबोलीचा गजरा आणि हातात पितळेचा ठिबकणारा गणपती. “तुमचं पानी माज्या देव्हाऱ्यात आलंय,” ती म्हणाली, “देव पोहतोय माजा.” मी माफीचं भाषण जुळवत होतो, पण बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. माझ्या काखेखालून त्या टबाकडे बघत होत्या आणि डोळे असे चमकत होते जणू घरात जत्रा लागलीय. “अगो बाय, एवरं पानी! कुनासाठी?” मी सोफ्याकडे बोट केलं. “पोर सोफ्याच्या मागं. मंग टबात कोन व्हतं?” पायांपासून निथळणाऱ्या अर्ध्या चड्डीपर्यंत त्यांनी मला बघितलं. “तू?” पहिल्या भेटीतल्या दुसऱ्या मिनिटाला मी ‘तुमचं’वरून ‘तू’वर आलो होतो, आणि पुढे कायम तिथेच राहिलो. नाव त्यांनी कधी विचारलं नाही. जुईचा बाप, म्हणून ‘बापूस’.

या पाटीलकाकू उरणजवळच्या मोरा गावच्या. वडील होडीवर, नाना मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर कामाला, आणि काकूंनी तिथेच तीस वर्षं बालवाडी चालवली. खेळणी नावाला नव्हती. होती एक जर्मनची परात, काठाला पोचा आलेली. निवृत्त होताना ती तेवढी त्यांनी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच परात डोक्यावर घेऊन काकू आमच्या बाल्कनीत हजर! “त्यो टब घडी कर आन माळ्यावर टाक,” त्यांनी मला फर्मावलं. “पोरीला समुद्र नको, वलक पायजे पान्याशी.” परातीत त्यांनी बोटभर पाणी घातलं. बोटभरच! मी म्हटलं, एवढ्यात काय होणार? काकूंनी उजव्या हाताचं बोट पाण्याला टेकवलं, कपाळाला लावलं आणि अगदी शेजारणीला विचारावं तसं पाण्याला विचारलं, “येऊ का?”

त्यांचे वडील होडीत पाय टाकण्याआधी रोज असं करायचे म्हणे. समुद्र म्हणजे दुसऱ्याचं घर. न विचारता शिरायचं नाही. मी माझ्या सुरक्षेच्या ज्ञानासह हसलो. “काकू, पाणी काय उत्तर देणार?”

“तू विचारून बघितलंस कदी?”

सोफ्यामागून एक डोळा बाल्कनीकडे बघत होता.

पहिल्या दिवशी जुई आलीच नाही. काकू एकट्याच खेळल्या. दोन वाट्या, एक स्पंज. या वाटीतलं पाणी स्पंजने शोषायचं, त्या वाटीत पिळायचं. झालं, एवढाच खेळ! पण काकू तो असा खेळत होत्या, “अगो, आला बग, आला, सगला आला!” करत, की मलाच राहवेना. मी हात पुढे केला तर हातावर चापट. “तुज्यासाठी नाय.” तिसऱ्या दिवशी जुई उंबऱ्यापर्यंत आली. पाचव्या दिवशी तिने बोट बुडवलं, कपाळाला लावलं आणि पुटपुटली, “येऊ का?” मी आनंदाने एवढ्या जोरात टाळी वाजवली की ती दचकून आत पळाली. काकूंनी माझ्याकडे बघितलं… ती नजर मोऱ्याच्या निम्म्या गावाला ठाऊक असणार. त्या दिवशी मला बाल्कनीबाहेर बसायची शिक्षा झाली.

मग काय सांगू, त्या परातीत काय काय घडलं! चहाच्या गाळणीने बाटल्यांची झाकणं पकडायची. बटाटे धुवायचे, त्या महिन्यात आमच्याकडे बटाट्याची भाजी किती वेळा झाली ते मंजिरीला विचारा. जास्वंदीची फुलं वाटीत घालून त्यांचा बर्फ करायचा आणि तो सुटा गोळा परातभर पळवायचा, आतलं लाल फूल मोकळं होईपर्यंत. रंगकामाचा जुना ब्रश पाण्यात बुडवून बाल्कनीच्या भिंतीवर चित्रं काढायची. उन्हाने ती पुसली जायची आणि भिंत पुन्हा कोरी. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोकं पाडून पाऊस. मी ऑफिसातून धावत यायचो, बूट न काढता बाल्कनीत, “आज काय? आज काय?” जुई मला सांगायची तेव्हा तिचे शब्द एकमेकांवर पडायचे.

आणि ते संत्रं! काकूंनी परातीत सालासकट संत्रं टाकलं, ते तरंगलं. “आता सोलून टाकला तं?” मी लगेच, गोदामातल्या भाषणाच्या आवाजात, “सोपं आहे. साल काढली म्हणजे वजन कमी झालं, आणखी छान तरंगणार.” जुईने सोललेलं संत्रं पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला. काकू पदर तोंडाशी धरून हसल्या, जुई हसली, आतून मंजिरी हसली. सालीत हवा असते, हे मला नंतर कळलं. महिनाभर जुई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला परातीपाशी नेऊन सांगायची, “बाबाला वाटलं वर राहील!”

खेळ कितीही रंगला तरी काकूंचे दोन नियम मोडायचे नाहीत. पोर पाण्याशी असेल तोवर मोठ्या माणसाचा फोन तांदळाच्या डब्यात. “हात मागं ठेव, डोले पुढं,” त्या म्हणायच्या. “पानी बोटभर असलं म्हनून काय झालं. पोर पन बोटभरच हाय.” आणि खेळ संपला की पाणी कुंड्यांना घालून परात लगेच पालथी. मी हे दोन्ही नियम गोदामातल्या भाषणात वापरतो. श्रेय दिलेलं नाही, ते आज देतो.

हळूहळू जुई बाहुलीला आंघोळ घालू लागली. आधी पाय, मग पोट. डोकं नाही. मग एक दिवस बाहुलीचं डोकं, चमच्याने. “आता जवल आलं,” काकू म्हणाल्या. “बाहुलीचं झालं की हिचं. मला बगाचाय त्यो दिवस. पन बापूस, घाई केलीस तं माज्याशी गाठ हाय.” मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. आणि एका संध्याकाळी जुईने माझ्या हातातला तांब्या स्वतःहून घेतला, माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, “बाबा, रडू नको हां, हळू घालते.” मी तोंड फिरवून कुंड्या मोजत बसलो.

काकूंचा दमा जुना. यंदा त्याने उचल खाल्ली आणि त्यांचं वर येणं बंद झालं. मग आम्हीच खाली जायचो. शेवटच्या भेटीत त्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या, शेजारी नाना पंखा कमीजास्त करत. काकूंनी खुणेनेच विचारलं, डोकं? म्हणजे डोक्यावरून पाणी घेतलं का? मला ते बघवेना. मी म्हणालो, “हो काकू! काल घेतलं. दोन तांबे, हसत हसत!” काकूंचा चेहरा उजळायला लागला, तेवढ्यात माझ्या मांडीवरून जुई ठासून म्हणाली, “नाही घेतलं. बाबा खोटं बोलतो.”

काकू एवढ्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि नानांना पाणी द्यावं लागलं. घोट घेऊन त्या थांबत थांबत म्हणाल्या, “याला… खोटं पन… धड जमत नाय.” मग जुईच्या केसांवरून हात फिरवला. “घेशील गो. तुला वाटंल तवा घे.” त्यानंतर चार दिवसांनी नाना वर आले, आणि मी त्यांना कोरडं बाथरूम दाखवत होतो.

पुढचे काही दिवस जुई बाल्कनीच्या भिंतीवर ब्रशने एकच चित्र काढायची. गोल डोकं, त्याला मागे छोटा गोल, म्हणजे अंबाडा. सुकलं की पुन्हा काढायची. फोन तांदळाच्या डब्यात टाकून मी उंबऱ्यात बसून राहायचो.

गेल्या रविवारी बेल वाजली. नाना. या वेळी मी तोंड उघडलं नाही, एवढी अक्कल आली होती. त्यांच्या डोक्यावर परात होती. दुखणं वाढल्यावर आम्ही ती खाली नेली होती, काकूंनी जवळ ठेवून घेतली होती. “पोरीला द्या म्हनाली व्हती,” ते म्हणाले आणि बाल्कनीतल्या खुर्चीवर बसले. जुईने परात ओळखली. पोच्यावरून हात फिरवला. मी पाणी आणलं, बोटभर घातलं, तिने सांगितलं, “अजून.” आणखी घातलं. “अजून.” चांगलं चार बोटं झालं. तिने बोट बुडवलं, कपाळाला लावलं. “येऊ का?” मग बाहुलीच्या डोक्यावर एक वाटी. मग थांबली, नानांकडे बघितलं… आणि दुसरी वाटी स्वतःच्या डोक्यावर!

पाणी कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून. ती डोळे मिटून श्वास रोखून बसली, आणि मग खदाखदा हसली. “अजून!” तिसरी वाटी, चौथी! मंजिरी कणकेचे हात तसेच धरून दारात उभी. नाना खुर्चीत पुढे सरकलेले. आणि मी? मला काय झालं कोण जाणे, “घेतलं! काकू, घेतलं हो!” असं बोंबलत मी जी उडी मारली ती ओल्या फरशीवर. बोर्ड लावलेला नव्हता. पाय सटकला आणि मी बसलो तो थेट परातीत. परात उलटली आणि सगळं पाणी हॉलमध्ये, सोफ्याखाली, तिथून नानांच्या देव्हाऱ्याच्या नेहमीच्या दिशेने.

जुई केसांतून निथळत माझ्याजवळ आली, वाकून माझ्याकडे बघितलं. “बाबा, तू विचारलंच नाही.”

नाना उठले. मला हात दिला नाही. आधी परात उचलून, झटकून, भिंतीशी नीट पालथी ठेवली. टॉवेलने जुईचं डोकं पुसता पुसता, महिन्याभरात पहिल्यांदाच, ते हसले.

“तीस वर्सं पोरं शिकवली तिनं,” ते म्हणाले. “नापास तू एकलाच.”