शंभर आधी, मग पंचवीस

इंदिरानगरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी जावास्क्रिप्ट शिकवते. बारावी झालेली मुलं, नोकरी गेलेले इंजिनिअर, लग्नानंतर पुन्हा काही करू पाहणाऱ्या बायका, असे सगळे एकाच बॅचला बसतात. अ‍ॅरे म्हणजे एका ओळीत ठेवलेल्या गोष्टी, इथपर्यंत कुणाला अडचण येत नाही. मग मी नऊ, पंचवीस, शंभर अशी अ‍ॅरे लिहिते आणि विचारते, हिच्यावर सॉर्ट चालवलं तर काय होईल? सगळे म्हणतात, आहे तशीच राहील. पडद्यावर मात्र येतं शंभर, पंचवीस, नऊ. वर्ग हसतो. मी सांगते, आपण काही सांगितलं नाही तर सॉर्ट संख्यांनाही शब्दांसारखंच वागवतं. आधी पहिला आकडा बघतं. एक, दोन, नऊ. तिथेच निकाल लागतो; एकच्या पुढे दोन शून्यं आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते नको असेल तर दोन संख्यांची वजाबाकी करून लहानमोठं ठरवणारं एक छोटं फंक्शन सोबत द्यावं लागतं. फंक्शन दिलं की क्रम नीट येतो आणि आम्ही पुढच्या धड्याकडे जातो.

माझा नवरा दिंडोरीजवळच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होता. द्राक्षांच्या हंगामात तो पहाटे निघायचा आणि घरी यायचा तेव्हा कपड्यांना कोल्ड स्टोरेजचा गारवा असायचा. ऐन हंगामात एका दुपारी तो तिथल्या दाराशी खाली बसला आणि त्याला उठता येईना. बरोबरच्यांनी पिकअपमध्ये घालून नाशिकला आणलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. घरी आणला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, "नंतर". पाणी हवं असलं तरी "नंतर", पाठ दुखत असली तरी "नंतर". चेहऱ्यावरून ओळखायचं.

सासूबाई कळवणहून आल्या त्या राहिल्याच. मी त्याला अरे-तुरे करते हे त्यांना कधी आवडलं नव्हतं, पण आता त्यावरून बोलायची वेळ नव्हती. स्वयंपाक त्यांनी अंगावर घेतला. डावीकडे चटणी-कांदा, मध्ये भाकरी, उजवीकडे भाजी, असं ताट त्या नीट वाढायच्या. तो डाव्या हाताने भाकरी मोडायचा, चटणीला लावून खायचा आणि ताट सरकवायचा. भाजी तशीच.

"त्याच्या आवडीची शेवभाजी केली, तिला बी हात लावला नाय," त्या मला म्हणाल्या. "माझ्या हातचं नको झालं हाय त्याला."

"आई, मेंदूला इजा झाली आहे. त्याला कळत नाहीये," मी म्हणायचे. मला तसंच वाटत होतं. सगळ्यांनाच वाटत होतं. पॅकहाउसमधले दोघे भेटायला आले तेव्हा पलंगाच्या उजव्या बाजूला खुर्च्या टाकून बसले. त्याच्या जागी कोणाला घेतलं, तो माणूस कसा आहे, हे त्यांनी मला तिथेच सांगितलं. "साहेबांना आता काय समजणार," असंही एकजण हळहळून म्हणाला. नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्हाला वाटलं, झोप आली असेल.

बोलणं परत यावं म्हणून एक थेरपिस्ट घरी यायची. तरुण मुलगी, आवाज मऊ. एके दिवशी तिने आकड्यांची कार्डं काढली. तीन, नऊ, पंचवीस, चाळीस, शंभर. सगळी मिसळून त्याच्यासमोर ठेवली.

"सर, लहान आधी, मग मोठा. असं लावा."

त्याने एकेक कार्ड उचललं आणि सावकाश लावलं. शंभर, पंचवीस, तीन, चाळीस, नऊ. मग आमच्याकडे पाहिलं, काम उरकल्यावर बघावं तसं.

तिने मला बाजूला घेतलं. "मॅडम, संख्यांची जाण गेलेली दिसते. अशा वेळी आपण फार अपेक्षा ठेवू नये." सासूबाईंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

मी त्या कार्डांकडे बघत उभी राहिले. माणसाची जाण गेली असेल तर क्रम कसाही लागेल. हा कसाही लागला नव्हता. एक, दोन, तीन, चार, नऊ.

"हे चुकलेलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तो फक्त पहिला आकडा बघतोय."

मी कार्डं उलटी केली आणि मागच्या बाजूला तेच आकडे उभे लिहिले. एक, त्याच्याखाली शून्य, त्याच्याखाली शून्य. पुन्हा मिसळून ठेवली. त्याने बराच वेळ घेतला. मग लावली. तीन, नऊ, पंचवीस, चाळीस, शंभर.

थेरपिस्टने आपलं बोट त्याच्या डाव्या डोळ्यासमोरून हळूहळू उजवीकडे नेलं. अर्ध्या वाटेवर त्याची नजर थांबली. बोट पुढे गेलं, नजर तिथेच.

"उजवीकडचं दिसत नाहीये त्यांना," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आणि सांगणार कसं?"

सासूबाई आत गेल्या. ताट वाढून आणलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि अर्धं फिरवलं. भाजी डावीकडे आली. त्याने ती सगळी खाल्ली. वाटी पुसून घेतली.

"भाजी पुढ्यात व्हती आन् माझं लेकरू कोरडं खात व्हतं," त्या म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याला समजत होतं, म्हणजे सगळंच समजत होतं. खुर्च्यांवर बसून लोक काय बोलले ते, त्याच्या जागी आलेल्या माणसाचं नाव, आम्ही दोघी त्याच्या उशाशी उभ्या राहून जे काही बोललो ते. मी त्याच्याजवळ गेले, डाव्या बाजूने. "तुला सगळं कळतं ना रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नंतर." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानंतर मी पुठ्ठ्यावर अक्षराखाली अक्षर असे शब्द लिहून दिले. पाणी, दुखतंय, बंद. तो बोट ठेवायचा. सगळ्यात जास्त "बंद"वर. टीव्ही बंद, पंखा बंद, आणि कुणी भेटायला आलं की पुन्हा "बंद". मी लोकांना येऊ नका असं सांगू लागले.

पावसाळा सरता सरता दुसरा झटका आला. या वेळी तो शुद्धीवर आलाच नाही. दवाखान्यातच गेला.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाई कळवणला परत निघाल्या. मी राहा म्हटलं, त्या नाही म्हणाल्या. स्टँडवर गाडीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो.

"उजव्या अंगाचं आपल्याला दिसत नाय, हे त्याला कळत असंल का गं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आई."

"आन् आपण त्याला येडं समजतो हे?"

खोटं बोलता आलं असतं. "ते कळत होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. गाडी लागली. खिडकीची जागा मिळाली, त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि समोरच्या सीटकडे बघत बसून राहिल्या. गाडी सुटली तरी माझ्याकडे पाहिलं नाही.