गणपा गवंड्याच्या घरचा चहा

आमच्या परड्याला लागून गणपा गवंड्याचं घर. मधे फक्त शेवग्याचं झाड आणि माझी जीभ. जयसिंगपूरच्या पलीकडचं आमचं गाव. कुणाची टर उडवायची असली की लोक माझ्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर जमायचे. त्यामुळे मी गणपाबद्दल काही लिहितोय म्हटल्यावर लोक म्हणणार, रुद्राप्पानं पुन्हा सुरू केलं. या खेपेला तसं नाही.

गणपा उंच, कमी बोलणारा, ओळंबा लावल्यासारखा ताठ चालणारा. त्र्याण्णव साली पंचायत समितीनं गवंड्यांना गोबरगॅस बांधायला शिकवलं, त्यात हा गेला. जमिनीखालचा विटांचा पहिला घुमट त्यानं स्वतःच्याच परड्यात बांधला, कारण चुलीच्या धुरानं त्याच्या बायकोचे, मीनाबाईचे, डोळे बारा महिने लाल. सरकार अनुदान देत होतंच. संडास जोडला तर आणखी थोडं जास्त. गणपानं जोडला. घरात निळा जाळ पेटला.

मी कट्ट्यावर जाहीर केलं, "गणपाकडं चहा घेताना इचारून घ्या, कुणाच्या कृपेनं उकळलाय!" गाव आठवडाभर हसलं.

पुढच्या श्रावणात पंचायत समितीचे साहेब वीसेक गावकऱ्यांना घेऊन गणपाचा गॅस दाखवायला आले. लोकांना पटलं तर गणपाला कामं मिळणार होती. पण त्याचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. बौद्धवाड्यातला माणूस, माझ्या परड्यामागं वाडा सुरू होतो तिथलं पहिलंच घर त्याचं. निम्म्या गावाच्या भिंती त्यानं उभ्या केलेल्या, पण त्याच्या घरी गावानं कधी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. आज साहेबांसमोर सगळे चहा घेणार म्हणून त्यानं जयसिंगपूरहून दोन डझन नव्या कपबश्या आणल्या होत्या.

मीनाबाई ट्रे घेऊन आली ती शेजारी म्हणून पहिल्यांदा माझ्यासमोर.

"न्हाई वैनी, सोमवार हाय. उपास."

साहेब म्हणाले, "अहो, उपवासाला चहा चालतो की!"

"चहा चालतो साहेब," मी म्हणालो, "पर ह्यो चहा न्हाई चालत."

ओसरी हसून लोटपोट. मग काय, सगळ्यांनाच सोमवार आठवला. एकट्या साहेबांनी कप उचलला. मीनाबाई तसाच ट्रे घेऊन आत गेली. कपबश्या किणकिणत होत्या. गणपा घुमटाकडं बघत उभा राहिला.

खरं सांगायचं तर संडास हे मला सापडलेलं निमित्त होतं. गॅस नव्हता तेव्हा तरी मी त्या घरी कुठं चहा घेतला होता?

दोन वर्षांनी माझ्या बायकोनं, महादेवीनं, गोबरगॅसचा हट्ट धरला. गणपालाच बोलावलं. त्यानं विचारलं, "आप्पा, संडास जोडायचा?"

जास्तीचं अनुदान मला सोडवेना. "जोड. पर पाइप कुणाला दिसाय नको. आन् बोलू नगंस."

"गुरुवारी गाव बाजाराला जातंय. तवा पुरतो," तो म्हणाला. एवढंच.

आठ वर्षं माझ्या कट्ट्यावर गावानं त्याच गॅसवरचा चहा ढोसला. दोन हजार चार साली गॅस कमी येऊ लागला म्हणून गणपा दुरुस्तीला आला. काम झाल्यावर महादेवीनं त्यालाही कट्ट्यावर कप दिला. कट्ट्यावरचे रोजचे गिऱ्हाईक हंबीरराव तिथंच बसलेले. ते म्हणाले, "घे गणपा, बिनवासाचा चहा पी एकदा! तुझ्यात काय मिळतोय असला?"

टोमणा मूळ माझाच होता, दहा वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. गणपानं माझ्याकडं बघितलं. मी उगाच तराजू पुसायला लागलो. त्यानं शांतपणे कप संपवला आणि म्हणाला, "फक्कड झालाय." अन् पाटी उचलून गेला.

त्यानंतरच्या सोमवारी मी त्याच्या घरी गेलो. "गणपतराव, चहा प्यायला आलोय."

मीनाबाई म्हणाली, "आज उपास असंल की आप्पा."

"हाय. उपासाला चहा चालतो."

ती उठली, गॅसची शेगडी सोडून मागच्या सोप्याला गेली आणि तिनं चूल पेटवली. धूर आला. ती पदरानं डोळे पुसायला लागली.

"अवो वैनी, घरात गॅस हाय न्हवं?"

"त्यो आमच्यापुरता. आल्यागेल्याचा चहा मी चुलीवरच करतोय, दहा वर्सं झाली. कुणी बोलाय नको."

मला मान वर करवेना. चहा प्यालो, धुराची चव होती. गणपतराव म्हणाले, "आप्पा, हितं एकट्यानं पिऊन काय हुतंय? हसलासा ते वीस जणांम्होरं."

दुसऱ्या दिवशी कट्टा भरल्यावर मी उभा राहिलो. "हंबीरराव, माझ्याबी घुमटाला संडास जोडलाय. आठ वर्सं तुमी त्योच चहा पिताय."

हंबीररावांनी कपात बघितलं, मग माझ्याकडं, आणि मांडीवर थाप मारली. "आयला आप्पा! सोताच्या चहावर? लई भारी!" सगळा कट्टा हसला. मी शपथ घेतली, तर आणखी हसला.

म्हणून हे लिहून ठेवतोय. माझा पाइप शेवग्याच्या बुंध्यापासून माझ्या परड्यात दोन हात डावीकडं आहे, ढोपरभर खोल. ज्याला खोटं वाटतं त्यानं कुदळ घेऊन यावं. खणून झालं की चहा गणपतरावांच्या ओसरीत आहे, गॅसवरचा. पहिला कप मी उचलतो.