शिंगाड्याचा कोपरा

सकाळी गार्डनमध्ये एक बाई रोज भेटते. पायात पांढरे बूट, कॉलेजात शिकवते म्हणे. मला पाहिलं की म्हणते, "आजी, किती सुंदर झाला ना हो आपला तलाव!" मी म्हणते, "हो ना बाई." दुसरं काय म्हणू? डॉक्टरनं साखर सांगितली, रोज चाला म्हणाला, आणि चालायला आमच्या या शहरात हीच एक धड जागा. फरशी गुळगुळीत आहे, झाडांना पाणी मिळतं, खोटं कशाला बोलू. पण ज्या वळणावर लोक फोटो काढतात ना, तिथे मी पाण्याकडे पाहत नाही. त्या कोपऱ्यात माझ्या थोरल्या जावेचा शिंगाडा होता.

आम्ही ढिवराची माणसं, मासे धरणारी. तलाव हेच आमचं वावर, आमची शेती. माझे मालक जवाहरनगरला कारखान्यात लागले, म्हणून मी पाण्यातून लवकर सुटले. जाऊ तरणीच विधवा झाली, तिचं सारं त्या कोपऱ्यावर. पावसाळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून पायाच्या अंगठ्यानं वेल चिखलात रोवायची. दसऱ्यानंतर फळं काढायची, उकडायची आणि बसस्टँडवर टोपलं घेऊन बसायची. त्यावरच तिनं पोरगी वाढवली, करडी गावात दिली.

गार्डन होणार म्हटल्यावर सगळ्यात खूश कोण, तर हीच! अर्धा तलाव जलकुंभीच्या तणानं खाल्ला होता. किती वर्षं आमच्या बाया ओरडत होत्या, कोणी ऐकत नव्हतं. पोळा झाला आणि पोकलेन आली. ही बया रोज त्या ड्रायव्हरला चहा नेऊन द्यायची.

मी म्हटलं, "काहून वो बाई, जावई आला का तुमचा?"

"जावयानं कधी तलाव साफ करून देल्ला का मले?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

मग करडीहून निरोप आला, नात तापानं पडली. जाऊ तिकडे गेली. परत आली ती तशीच तलावावर गेली, मी सोबतच होते. तलावाच्या पाळीवर जलकुंभीचा ढीग पडला होता आणि त्याच ढिगात तिचा शिंगाडा. वेलाला बोराएवढी कच्ची फळं. तिनं एक उचललं, पाहिलं, पुन्हा ठेवून दिलं. कोणाच्या तरी मालाला हात लावल्यासारखं.

कंत्राटदाराचा साहेब छत्री घेऊन उभा होता. म्हणाला, "आजी, पाण्यावरचं हिरवं सगळं काढायचं, असं ठरलं आहे."

"हिरवं हिरवं सारं सारखंच असते का गा? तुह्या घरी वांग्याची वाडी उपटून फेकतोस का, हिरवी दिसते म्हणून?"

तो फोनवर बोलायला लागला. ड्रायव्हर मशीनवरून खाली उतरला, हळूच म्हणाला, "बाई, शिंगाडा आहे हे मले समजलं होतं. पण साहेब उभे होते ना." जाऊ पाठ फिरवून घराकडे चालू लागली. मला वाटतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढल्या पावसाळ्यात ती रोपं घेऊन गेली, तर लोखंडी कठडा आणि गेटवर चौकीदार. आता बोटिंग आहे, वेल बोटींमध्ये अडकतो, म्हणाला. आमच्याच मच्छीमार सोसायटीच्या माणसांकडे गेलो. उद्घाटनाला त्यांनी फेटे बांधून घेतले होते. म्हणाले, "एका कोपऱ्यासाठी का आता भांडाचं वहिनी? शहराची शोभा झाली." जाऊ उठून आली. पुढच्याच आठवड्यात ती लेकीकडे करडीला गेली, धानाच्या रोवण्याला. दुसऱ्यांच्या बांधीत, रोजीनं. उभ्या जन्मात जी कोणाच्या कामावर गेली नव्हती, ती.

दिवाळीला आली तेव्हा माझ्या सुनेनं प्रेमानंच बोटीची तिकिटं काढली. "चला मोठ्या आई!" सुनेला काय माहीत. काठावरच्या माणसानं जावेला केशरी जाकीट चढवलं, पट्टे आवळले.

"मले पाण्यात बुडाची भीती दाखवतो का गा?"

"नियम आहे आजी."

बोट फिरत फिरत त्याच कोपऱ्यावर गेली. सून फोटो काढत होती. जावेनं पाण्यात हात घातला, तर काठावरून शिट्टी वाजली. हात बाहेर काढून तिनं तो पदराला पुसला.

दुसऱ्या दिवशी करडीला निघताना तिनं मागच्या अंगणात बोट दाखवलं. तिथे तिचा डोंगा, शिंगाडे काढायची लाकडी होडी, उलटा घालून ठेवला होता.

"थंडीत पाणी तपवाले घेजो."

"राहू द्या वो बाई. का माहीत, पुढं…"

"ठेवून का करशीन? गार्डनवाल्यायले शोभेले देशीन? त्यात फुलं लावतीन ते."

ती बसमध्ये बसली. मी आठवडाभर डोंग्याला हात लावला नाही. मग थंडी पडली, एक दिवस सरपण संपलं आणि मुलानं कुऱ्हाड घेतली. मी त्याला अडवलं नाही. लाकूड आतून ओलंच होतं, पेटता पेटेना. घरभर धूर झाला.