बत्तिसाव्या आकड्यावरचं वर्तुळ

क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडं वळलं की एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानामागं, बिभीषण शिंगाडेचं डीटीपीचं टेबल आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, वास्तुशांतीची निमंत्रणं. बावीस वर्षं हेच. वडील पाचोडच्या बाजूला मेंढरं वळायचे. बिभीषण दहावीनंतर टायपिंग शिकला आणि शहरातच राहिला. पण बिरोबाच्या जत्रेला ढोल अजून तोच धरतो, आणि तालाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

गेल्या वर्षी संगीत शिकवणाऱ्या तनुजा मॅडम त्याच्याकडं हस्तलिखित घेऊन आल्या. त्या दोन वर्षं जावा बेटावर राहून गामेलान शिकल्या होत्या. काशाच्या पट्ट्या, पालथ्या पातेल्यांसारख्या घंटा, टांगलेले मोठे गाँग, असं वीस-पंचवीस जणांनी मिळून वाजवायचं ते संगीत. त्यातल्या तालचक्रांवर मराठीत पुस्तक करायचं होतं. एकशे छत्तीस पानं, निम्मी आकड्यांनी भरलेली. आकडा म्हणजे सूर, आकड्याखाली टिंब म्हणजे खालचा सूर.

पहिला महिना टिंबांनीच खाल्ला. फॉन्ट बदलला की टिंबं उडायची, नाहीतर शेजारच्या आकड्याखाली जाऊन बसायची. मॅडम लाल पेनानं खुणा करून प्रूफ परत पाठवायच्या. बायको शालू जेवायला वाढायची, तर ह्याचं लक्ष ताटातल्या मोहरीकडं.

"टिंबंच दिसायलीत मला," तो वैतागून म्हणायचा.

टिंबं जागेवर आली आणि त्याला वाटलं, आता वर्तुळं चुकलीत. बत्तीस मात्रांचं एक चक्र चार ओळींत लिहिलेलं. प्रत्येक ओळीत आठ आकडे. ओळीच्या शेवटच्या आकड्यावर लहान घंटेची खूण आणि अगदी शेवटच्या, बत्तिसाव्या आकड्याला गाँगचं वर्तुळ. बिभीषणनं ढोलाच्या हिशेबानं मोजून पाहिलं. जड ठोका शेवटी? फेरा तर पहिल्या ठोक्यावर उभा असतो! त्यानं मॅडमना दोनदा फोन लावला, लागला नाही. मग त्यानं सगळ्या पुस्तकातली वर्तुळं आणि खुणा उचलून पहिल्या आकड्यावर नेल्या. तीन दिवस लागले.

प्रूफ बघून मॅडम तडक दुकानात आल्या.

"हे कुणी केलं?"

"म्या. उलटं झालं व्हतं, सरळ केलं. सम पयली असती मॅडम."

"आपल्याकडं! तिथं सगळे बत्तिसाव्याकडं चाललेले असतात. तिथं गाँग पडला की चक्र पुरं. शेवटचा सूर आणि गाँग एकत्र वाजतात. तुम्ही त्यांची ताटातूट केलीत."

"बत्तिसानंतर एकच येतो ना? मागं-पुढंच तर हायेत."

मॅडमनी मोबाइलवर वादन लावलं आणि त्याला मोजायला सांगितलं. बिभीषण टेबलावर बोट आपटत राहिला. दर फेऱ्याला त्याचं बोट गाँगनंतर पडायचं. तो पुन्हा सुरुवात करायचा, पुन्हा चुकायचा. शेवटी वादन संथ होत गेलं, सूर एकेक पाऊल जड टाकत आले, आणि गाँग वाजला. पुढं काहीच नाही. त्याचं बोट वरच राहिलं.

"आता कळलं?" मॅडमनी विचारलं.

कळलं होतं. म्हणूनच त्याला जास्त संताप आला. आपण अडाणी ठरलो याचा, आणि सगळी वर्तुळं पुन्हा हलवायची याचाही.

"आधी विचारायचं तरी," त्या म्हणाल्या.

"फोन लावला व्हता. दोन बार."



चार दिवस त्यानं लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं परतवून लावली आणि एकेक वर्तुळ शेवटी नेलं. पुस्तक छापून आलं. पहिलीच प्रत चाळताना एकाहत्तराव्या पानावर त्याची नजर अडली. तिथलं गाँगचं वर्तुळ पहिल्याच आकड्यावर राहिलं होतं. तीनशे प्रती बांधून झालेल्या.

"मॅडमला कशाला सांगता? कोण बघतंय?" शालू म्हणाली.

"मी बघतोय ना!"

त्यानं फोन केला. मॅडम म्हणाल्या, "चिठ्ठ्या चिकटवा."

शुद्धिपत्राच्या तीनशे चिठ्ठ्या त्यानं स्वतः कापल्या, खळ लावून चिकटवल्या. बोटं चिकट झाली, कित्येक चिठ्ठ्या तिरक्या बसल्या. मॅडमनी गठ्ठे नेले, एक प्रत त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं ती अजून उघडलेली नाही.